एका एकोणचाळीस अंकी मूळ संख्येची हकीकत

बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकली असेल. बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या हिंदी पंडिताने राजाजवळ बक्षीस मागितले ते असे : पटाच्या पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्या घरात चार, ह्याप्रमाणे प्रत्येक घरात मागच्या घराच्या दुप्पट दाणे. राजाला ही मागणी अगदी क्षुल्लक वाटली. पण हिशेब करू लागल्यावर राज्यातील सारी कोठारे रिकामी केली तरी पुरणार नाही असे दिसून आले. गोष्ट खरी की कल्पित हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. हिशेब मात्र पक्का आहे. इ. स. १००० च्या सुमारास अल्-बीरूनी ह्या विख्यात पंडिताने आपल्या ‘अल्-आसारुल बाकिया’ ह्या ग्रंथात चौसष्ट घरांची बेरीज दिली आहे ती अशी : १८४४६७४४०७३७०९५५१६१५. प्रत्येक घर वेगळे मोजत न बसता वर्गाचा वर्ग करीत झपाट्याने पुढे कसे जावे, हेही त्याने तेथेच दाखवून दिले आहे. वर्ग करण्याची ही युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता असे दोन पट शेजारी शेजारी मांडले अशी कल्पना करा. दोहोंची मिळून १२८ घरे होतात. त्यांतील शेवटचे घर रिकामे ठेवून बाकीच्या १२७ घरांत त्याच रीतीने दाणे भरले, तर एकूण दाणे किती होतील? उत्तर असे :

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

ही संख्या ३९ अंकांची आहे. एकं, दहं, शतं ही आपली जुनी मालिका परार्धाशी, म्हणजे अठराव्या स्थानाशी संपते. ही संख्या त्याच्याही २१ स्थाने पुढे जाते. गणिताच्या भाषेत तिचे वर्णन ‘२ चा १२७ वा घात वजा १’ इतक्या थोड्या शब्दांत होते. पण तिचे महत्त्व तिच्या आकारात नाही. एवढी प्रचंड संख्या मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः ह्यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही, हे एका शिक्षकाने कोणत्याही यंत्राच्या मदतीवाचून १८७६ साली सिद्ध केले. ते त्याने कसे केले, आणि त्याआधी सव्वादोनशे वर्षे ही गोष्ट केवळ एका नावाच्या भरवशावर कशी चालत आली, ही हकीकत प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे.

युक्लिडपासून बगदादपर्यंत

दोनाचा घात करून त्यातून एक वजा केला की मिळणाऱ्या संख्यांकडे विद्वानांचे लक्ष गेले ते युक्लिडमुळे. त्याने आपल्या ‘मूलतत्त्वे’ ह्या ग्रंथाच्या नवव्या भागात दोन गोष्टी सिद्ध केल्या. एक, मूळ संख्यांना अंत नाही. दुसरी, अशा रीतीने मिळालेली संख्या मूळ असेल तर तिच्यापासून एक ‘परिपूर्ण संख्या’ तयार होते. स्वतःहून लहान अशा सर्व विभाजकांची बेरीज जिच्याइतकी येते ती परिपूर्ण संख्या. ६ चे असे विभाजक १, २ आणि ३. त्यांची बेरीज ६. त्याचप्रमाणे २८ ही परिपूर्ण आहे. पुढच्या दोन म्हणजे ४९६ आणि ८१२८. एवढ्या चार प्राचीन ग्रीकांना माहीत होत्या.

बगदादमध्ये युक्लिडच्या ग्रंथाची अरबी भाषांतरे झाली. साबित इब्न कुर्रा ह्याने त्यांपैकी एक तपासून सुधारले, आणि हा विषय पुढच्या पिढ्यांच्या हाती गेला. बसऱ्यात जन्मलेला आणि पुढे काहिरात राहिलेला इब्नुल हैसम (सुमारे ९६५ ते १०४०) प्रकाशशास्त्रासाठी प्रसिद्ध आहे; पण संख्याशास्त्रातही त्याने महत्त्वाची भर घातली. सगळ्या सम परिपूर्ण संख्या युक्लिडच्याच नियमाने मिळतात की काय, ह्या प्रश्नाला त्याने हात घातला. तो प्रश्न पुरा सोडवण्यास अठराव्या शतकातील ऑयलर यावा लागला.

इब्नुल हैसमची दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या अधिक जवळची आहे. २, ३, ४, ५ आणि ६ ह्यांपैकी कोणत्याही संख्येने भागले असता बाकी १ उरते, पण ७ ने पूर्ण भाग जातो, अशी संख्या कोणती, हे कोडे सोडवताना त्याने मूळ संख्यांचा एक गुणधर्म वापरला. १ पासून ६ पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार ७२०. त्यात १ मिळवला की ७२१. आणि ७२१ म्हणजे ७ गुणिले १०३. कोणतीही मूळ संख्या घ्या. तिच्याहून लहान सर्व संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला की त्या मूळ संख्येने पूर्ण भाग जातोच. संयुक्त संख्येच्या बाबतीत असे कधी घडत नाही. युरोपात हा सिद्धान्त १७७० मध्ये विल्सनच्या नावाने प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर लवकरच लाग्रांजने तो सिद्ध केला.

वाचकहो, ह्यातील मर्म असे की, संख्येचा एकही विभाजक न शोधता ती मूळ आहे की नाही हे सांगता येते. मोठ्या संख्यांसाठी हा विशिष्ट नियम निरुपयोगी आहे, कारण एवढे गुणाकार कोण करणार? परंतु विभाजक शोधत बसण्यापलीकडे दुसरी वाट असू शकते, हे त्यातून स्पष्ट होते.

ह्याच परंपरेतील तेराव्या शतकातील इब्न फल्लूस ह्याने दहा परिपूर्ण संख्यांची यादी दिली. तिच्यातील पहिल्या सात बरोबर आहेत. सातवी तर १३७४३८६९१३२८ इतकी मोठी आहे. शेवटच्या तीन मात्र चुकीच्या निघाल्या. पुराव्याची हद्द ओलांडून यादी लांबवली की काय होते, ह्याचे हे पहिले उदाहरण. दुसरे आता येत आहे.

एका धर्मोपदेशकाची यादी

पटावरील घरांची संख्या संयुक्त असेल तर दाण्यांची बेरीजही संयुक्तच येते. चौसष्ट घरांची अल्-बीरूनीची बेरीज ५ ने संपते, तेव्हा तिला ५ ने भाग जातो हे शाळकरी मुलगाही सांगेल. म्हणून घरांची संख्या मूळ असली पाहिजे. पण तेवढ्याने भागत नाही. ११ ही मूळ संख्या आहे, तरी ११ घरांची बेरीज २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९ होते. हे १५३६ मध्ये प्रसिद्ध झाले. इटलीतील काताल्दीने १७ आणि १९ घरांच्या बेरजा, म्हणजे १३१०७१ आणि ५२४२८७, ह्या मूळ असल्याचे एकेका मूळ संख्येने भागून दाखवले आणि १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याबरोबर २३, २९, ३१ आणि ३७ ह्यांच्याही बेरजा मूळ आहेत असे त्याने सांगून टाकले. त्यांत ३१ तेवढी खरी ठरली. १६४० मध्ये फर्माने ३७ घरांच्या बेरजेला २२३ ने भाग जातो हे दाखवले. त्याने शोधलेला नियम फार मोलाचा आहे : घरांची संख्या मूळ आणि विषम असेल तर बेरजेचा प्रत्येक मूळ विभाजक हा घरांच्या दुपटीच्या कोणत्या तरी पटीत १ मिळवून आलेला असतो. २२३ हे ७४ च्या तिपटीत १ मिळवून येतात, हे वाचकांनी ताडून पाहावे.

फर्माचे हे पत्र ज्याला गेले तो मारँ मर्सेन (१५८८ ते १६४८) पॅरिसमधील ख्रिस्ती धर्मोपदेशक होता. युरोपातील विद्वानांचा परस्पर पत्रव्यवहार त्याच्या मार्फत चाले. १६४४ साली त्याने आपल्या ग्रंथात एक विधान केले : २५७ पर्यंतच्या संख्यांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ ह्या अकरा घातांकांसाठी दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मूळ संख्या मिळते, बाकी सर्व संयुक्त. पुरावा दिला नाही. पंधरा किंवा वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्यास सारा काळ पुरणार नाही, असेही त्यानेच लिहून ठेवले; आणि तरी त्याच यादीत एक संख्या ३९ अंकी व दुसरी ७८ अंकी होती.

मर्सेनचे नाव मोठे होते आणि यादी पडताळून पाहणे कोणाच्याच आवाक्यात नव्हते. म्हणून ती तशीच पुढे चालत राहिली. आजही ह्या जातीच्या संख्यांना ‘मर्सेन संख्या’च म्हणतात.

यादीतील ३१ ची कसोटी लागली ती १७७२ मध्ये. दृष्टी जवळजवळ गेलेल्या लेओनार्ड ऑयलरने २१४७४८३६४७ ही संख्या मूळ असल्याचे कळवले. फर्माच्या नियमात आणखी एका नियमाची जोड देऊन त्याने दाखवले की, विभाजक असलाच तर २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्यांपैकीच असला पाहिजे. आणि सुमारे ४६३४१ ह्या वर्गमूळापर्यंतच्या तसल्या मूळ संख्या तपासल्या की काम संपले. हजारो भागाकारांचे काम थोडक्यावर आले. १८११ मध्ये इंग्रज गणिती बार्लो ह्याने लिहिले की, ह्या संख्येपासून मिळणारी परिपूर्ण संख्या हीच आजवरची सर्वांत मोठी राहील. असल्या संख्या केवळ कौतुकाच्या, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा त्यांच्या मागे कोणी लागणार नाही. त्याचे हे दोन्ही अंदाज चुकले.

ल्यूकासची कसोटी

आपल्या ३९ अंकी संख्येला ऑयलरची रीत लावून पाहा. तिचे वर्गमूळ वीस अंकी आहे. सगळ्या सवलती धरूनसुद्धा, दर सेकंदाला एक भागाकार रात्रंदिवस केला तरी ८० कोटींहून अधिक वर्षे लागतील. तेव्हा भागाकाराची वाट बंदच होती.

एद्वार ल्यूकास (१८४२ ते १८९१) हा फ्रान्समधील आम्यँ गावचा. काही काळ तो पॅरिसच्या वेधशाळेत होता, १८७० च्या युद्धात तोफखान्यात अधिकारी होता आणि नंतर माध्यमिक विद्यालयात गणित शिकवीत असे. तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्यांचे ‘हनोईचा मनोरा’ हे कोडे पुष्कळ शाळांत असते, ते त्याचेच. १, १, २, ३, ५, ८ ह्या मालिकेला ‘फिबोनाची’ हे नाव रूढ केले तेही त्यानेच. ह्या मालिकेच्या विभाज्यतेचा अभ्यास करताना मोठ्या संख्या पारखण्याची एक कसोटी त्याच्या हाती लागली. पुढे १९३० मध्ये अमेरिकेतील लेमर ह्याने तिला सुटसुटीत रूप दिले. म्हणून तिला ल्यूकास-लेमर कसोटी म्हणतात. ती इतकी सोपी आहे की पाटी-पेन्सिल घेऊन आपण आत्ता करू शकता.

४ पासून आरंभ करा. वर्ग करा, त्यातून २ वजा करा, आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवा. आलेल्या बाकीवर पुन्हा हीच क्रिया करा. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करायचे. अखेरीस बाकी शून्य आली तर संख्या मूळ. शून्याखेरीज काहीही आले तर संयुक्त. (२ हा घातांक तेवढा वगळावा.)

घातांक ७ घेऊ, संख्या १२७. चारचा वर्ग १६, दोन वजा, १४. चौदाचा वर्ग १९६, दोन वजा १९४, बाकी ६७. पुढे ६७ वरून ४२, ४२ वरून १११, आणि १११ वरून शून्य. पाच वेळा क्रिया झाली आणि शून्य आले, म्हणून १२७ मूळ. आता घातांक ११, संख्या २०४७. बाक्या अशा येतात : ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. नऊ वेळा क्रिया करूनही शून्य आले नाही, म्हणून २०४७ संयुक्त. आपण २३ किंवा ८९ चे नावही घेतले नाही आणि तरी निर्णय लागला.

हीच क्रिया १२७ ह्या घातांकासाठी करायची म्हणजे ३९ अंकी संख्यांचे सव्वाशेच्या आसपास वर्ग आणि तितकेच भागाकार. ल्यूकासने त्यावर जी सोय काढली ती मोठी मौजेची आहे. त्याने संख्या दोनाच्या पायावर, म्हणजे फक्त शून्य आणि एक ह्या दोन अंकांत मांडल्या. ह्या मांडणीत आपली संख्या म्हणजे ओळीने १२७ एकं. त्यासाठी त्याने १२७ गुणिले १२७ घरांचा बुद्धिबळासारखा पट कल्पिला : जेथे एक तेथे प्यादे, जेथे शून्य तेथे रिकामे घर. ह्या पटावर भागाकार जवळजवळ करावाच लागत नाही. २ चा १२७ वा घात आपल्या संख्येने भागला की बाकी १ उरते. म्हणून ओळीच्या डाव्या टोकाबाहेर गेलेले प्यादे उजव्या टोकाने पुन्हा आत घ्यायचे, एवढेच. अवघड गणिताचे त्याने अशा रीतीने सोंगट्यांच्या खेळात रूपांतर केले. १८७६ मध्ये त्याने जाहीर केले की ही ३९ अंकी संख्या मूळ आहे. मर्सेनचे म्हणणे २३२ वर्षांनी खरे ठरले.

पण त्याच वर्षी त्याच तऱ्हेच्या विचाराने ल्यूकासने दाखवले की, यादीतील ६७ चे विधान खोटे आहे. त्या संख्येचे विभाजक कोणते हे त्यालाही ठाऊक नव्हते. ते १९०३ मध्ये अमेरिकेतील फ्रँक कोल ह्याने शोधले. न्यूयॉर्कमधील गणित परिषदेच्या सभेत तो उठला, फळ्यावर एका बाजूस २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला, दुसऱ्या बाजूस १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ ह्यांचा गुणाकार केला, उत्तरे सारखी आली, आणि एक शब्दही न बोलता तो जागेवर जाऊन बसला, असे सांगतात. हे विभाजक शोधायला तीन वर्षांतले रविवार लागले, असेही त्याच्या नावावर सांगितले जाते.

पुढे यादीतील एकेक दोष उघड झाला. ६१ हा घातांक मर्सेनने वगळला होता. त्याची संख्या मूळ आहे हे १८८३ मध्ये पेर्वूशिन ह्या रशियन खेड्यातील धर्मोपदेशकाने दाखवले. ८९ आणि १०७ हे पॉवर्स ह्याने १९११ व १९१४ मध्ये दाखवले. २५७ ची संख्या संयुक्त निघाली. १९४७ पर्यंत सगळी यादी तपासून झाली : दोन खोट्या, तीन सुटलेल्या, अशा पाच चुका. खुद्द ल्यूकासचा हिशेबही तपासणीतून सुटला नाही. १९१४ मध्ये फ्रान्समधील फोकँबेर्ग ह्याने तो स्वतंत्रपणे पडताळला आणि ल्यूकास बरोबर ठरला.

हातांनी जिंकलेला शेवटचा किल्ला

१८७६ ते १९५१ अशी ७५ वर्षे ही जगातील सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. केवळ कागद आणि पेन्सिल ह्यांच्या बळावर सिद्ध झालेल्या मूळ संख्यांत ती अजूनही सर्वांत मोठी आहे. १९५१ मध्ये फेरिये ह्याने टेबलावरच्या गणकयंत्राने ४४ अंकी मूळ संख्या शोधली. त्याच वर्षी केंब्रिजच्या संगणकावर मिलर आणि व्हीलर ह्यांनी ७९ अंकी शोधली. तिची रचनाही आपल्या ह्याच संख्येवर झाली होती : हिचा वर्ग, त्याला १८० ने गुणून त्यात १. जानेवारी १९५२ मध्ये संगणकाने ल्यूकासच्या कसोटीने ५२१ आणि ६०७ हे घातांक एकाच दिवसात शोधले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली संख्या, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, ही ४१०२४३२० अंकांची आहे. तिच्यावरही अखेरची मोहोर ह्याच कसोटीची.

आपल्या देशाचाही ह्या इतिहासात वाटा आहे. ल्यूकासची कसोटी एका विशिष्ट जातीच्या संख्यांपुरती चालते. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि वाजवी वेळात ठरवणारी रीत आहे, हे २००२ मध्ये कानपूरच्या आय. आय. टी. मधील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना ह्यांनी सिद्ध केले.

आणि बार्लोच्या ‘निरुपयोगी’ ह्या शेऱ्याचे काय? कोलने फळ्यावर केलेला गुणाकार काही मिनिटांचा होता. पण उलट दिशेने ते दोन विभाजक शोधणे हे वर्षांचे काम होते. ह्याच तफावतीवर १९७७ मध्ये गुप्तलेखनाची एक पद्धत उभारली गेली. मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर चालणारी ती पद्धत पुढे बँकांच्या आणि टपालाच्या संगणकी व्यवहारांत सर्वत्र वापरली गेली.

विद्यार्थी मित्रांनो, ६७ आणि १२७ ही दोन्ही विधाने एकाच माणसाने, एकाच वाक्यात, सारख्याच आत्मविश्वासाने केली होती. एक खोटे होते, एक खरे. वाचणाऱ्याला त्यांतील फरक कळण्यास कोणताच मार्ग नव्हता. मर्सेनची विद्वत्ता, त्याचा लौकिक, त्याच्या ग्रंथाची प्रतिष्ठा, ह्यांपैकी कशानेही तो फरक दिसला नसता. तो दिसला तो कसोटीने. ती कसोटी लावणारे एक शिक्षक, एक खेड्यातला धर्मोपदेशक असे लोक होते. इल्म कोणाच्या नावाने मोठे होत नाही; ते पडताळून पाहणाऱ्याच्या मेहनतीने मोठे होते. छापील पुस्तकात आहे म्हणून, किंवा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून, गोष्ट मान्य करण्याची सवय आपल्या वर्गांतून अजून गेलेली नाही. गणिताच्या तासाला ती मोडण्याची चांगली संधी असते.

काम अजून संपलेले नाही. २ ह्या मूळ संख्येपासून आरंभ करा. २ चा दुसरा घात वजा १ म्हणजे ३. २ चा तिसरा घात वजा १ म्हणजे ७. २ चा सातवा घात वजा १ म्हणजे १२७. आणि २ चा १२७ वा घात वजा १ ही आपली संख्या. सगळ्या मूळ. ही साखळी कातालाँ ह्या गणितज्ञाच्या ध्यानात १८७६ मध्येच आली. पुढची कडी म्हणजे ह्या ३९ अंकी संख्येइतका दोनाचा घात घेऊन त्यातून एक वजा करायचा. त्या संख्येत अंक किती, हे लिहायलाच ३८ अंक लागतात. ती मूळ आहे की संयुक्त, हे आजवर कोणालाही सांगता आलेले नाही. मर्सेनसारखे कोणी उत्तर देऊन टाकील, तर त्याला आपण पुरावा मागावा. आणि पुरावा मिळेपर्यंत ‘ठाऊक नाही’ हेच प्रामाणिक उत्तर आहे असे समजावे.